बनवण्याचे दोन अर्थ : ‘अशी ही बनवाबनवी’चे पुनर्दर्शन

मराठीतील ‘बनवणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. घडवणे हा एक आणि फसवणे हा दुसरा. ‘बनवाबनवी’ हा शब्द मात्र व्यवहारात केवळ दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. पहिला अर्थ त्याच्या पोटात निमूटपणे बसून असतो. २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाच्या बाबतीतही असेच काहीसे घडले आहे. चार तरुण मिळून एका वयस्क घरमालकिणीला फसवतात, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच चौघांनी फसवता फसवता एक कुटुंब घडवले आणि ते घडवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते, ही गोष्ट मात्र स्मरणातून निसटली आहे.

वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी हा चित्रपट पाहिलेली पिढी आज पन्नाशीकडे झुकली आहे. प्रथम चित्रपटगृहात, पुढे व्हिडिओ कॅसेटवर, दूरदर्शनवर आणि १९९९ नंतर सुरू झालेल्या खासगी मराठी वाहिन्यांवर तिने तो इतक्या वेळा पाहिला की त्यातील संवाद हे घरगुती बोलण्याचा भाग होऊन गेले. तुर्कस्तानातील इस्तंबूल हे शहर असंख्य मराठी घरांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा या चित्रपटातील मधुमेहाच्या औषधामुळे अधिक परिचित आहे. बुडालेल्या उसन्या पैशांचा विषय निघाला की सत्तर रुपयांचा उल्लेख होतोच. पाठांतराचा लाभ असा की कलाकृती समाजाच्या मालकीची होते. त्याचा तोटा असा की पाठ झालेली गोष्ट माणूस पाहीनासा होतो; तो केवळ पुढच्या ओळीची वाट पाहतो. हीच पिढी प्रौढपणी आपल्या मुलांना हा चित्रपट दाखवायला बसते, तेव्हा मुलांबरोबर हसून झाल्यावर तिला त्याच पडद्यावर निराळेच काही दिसू लागते. त्या दुसऱ्या दर्शनात काय दिसते आणि ते पहिल्या वेळी का दिसले नाही, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

कथानक सर्वज्ञात असले तरी ते एकदा नव्या क्रमाने मांडणे उपयुक्त ठरेल. पुण्यात नोकरी करणारा धनंजय माने विश्वासराव सरपोतदार यांच्याकडे भाड्याने राहतो. वैद्यकीय शिक्षण घेणारा धाकटा भाऊ शंतनू, संगीताचा नाद असलेला सुधीर आणि नाटकाच्या नादातला परशुराम असे तिघे एकामागून एक त्याच्या आश्रयाला येतात. खोलीत दुसऱ्या कोणाचा मुक्काम सरपोतदारांना खपत नाही. चौघेही रस्त्यावर येतात. शहरात खोल्या आहेत, परंतु अविवाहित तरुणांसाठी त्यांची दारे बंद आहेत. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात जागा मिळू शकते, मात्र भाडेकरू विवाहित जोडपी असली पाहिजेत. मग परशुरामची ‘पार्वती’ आणि सुधीरची ‘सुधा’ होते, आणि दोन भाऊ दोन बायकांसह लीलाबाईंच्या घरी दाखल होतात. पुढची दोन तासांची धांदल या एका अटीतून जन्माला आली आहे. बालवयात लक्षात राहते ती साडी. प्रौढपणी लक्षात येते ती अट.

या अटीला फार मोठा प्रवास आहे, आणि तो एका भाषेपुरता मर्यादित नाही. वसंत सबनीस यांनी लिहिलेल्या, सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि किरण शांताराम यांची निर्मिती असलेल्या या चित्रपटाचे मूळ हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटात आहे. त्या हिंदी चित्रपटाचे मूळ ‘जय माँ काली बोर्डिंग’ (१९५५) या बंगाली चित्रपटात सापडते. मराठीनंतर ही कथा १९९० च्या दशकाच्या आरंभी तेलुगूत ‘चित्रम् भळारे विचित्रम्’ या नावाने अवतरली. ‘ओळु सार बरी ओळु’ (२००३) हा कन्नड, ‘पेइंग गेस्ट्स’ (२००९) हा पुन्हा हिंदी आणि ‘मिस्टर अँड मिसेस ४२०’ (२०१४) हा पंजाबी चित्रपट याच बीजावर उभा आहे. ‘जियो पागला’च्या (२०१७) रूपाने ती बंगालीत परतली. साठ वर्षांत एका कथेने अर्ध्या भारताची प्रदक्षिणा केली. पुराणकथा वगळता असे भाग्य थोड्याच कथांच्या वाट्याला येते.

हा प्रवास का घडला असावा? पुरुषाने स्त्रीचा वेष घेणे ही हास्याची जुनी आणि सार्वत्रिक युक्ती आहे. परंतु वेषांतराचे कारण प्रत्येक समाज आपापल्या गरजेनुसार निवडतो. ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) या अमेरिकी चित्रपटातील दोन वादक जीव वाचवण्यासाठी स्त्रिया होतात. ‘टूट्सी’मधील (१९८२) नट काम मिळवण्यासाठी साडीऐवजी झगा चढवतो. तमिळ ‘अव्वै षण्मुखी’ (१९९६) आणि त्यावरून आलेला हिंदी ‘चाची ४२०’ (१९९७) यांतील बाप दुरावलेल्या मुलीच्या सहवासासाठी दाई होतो. ‘जय माँ काली बोर्डिंग’च्या परंपरेतील पुरुष मात्र डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून स्त्रिया होतात. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी भरलेल्या कलकत्त्यात ही कल्पना सुचावी, यात नवल नाही. एकट्या नोकरदारांच्या ‘मेस’ आणि बोर्डिंगांचे जीवन हा बंगाली विनोदाचा आवडता प्रांत होताच. ‘साडे चुयात्तर’ (१९५३) हा चित्रपट त्याचे ठळक उदाहरण आहे. पुढे ज्या ज्या शहरात नोकरी आधी आणि निवारा नंतर अशी स्थिती आली, त्या त्या शहराच्या भाषेला ही कथा आपली वाटली.

मराठीला तर घराच्या टंचाईचा विनोद नवा नव्हता. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) चाळीला वाङ्मयात स्थान दिले होते. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’मध्ये (१९७०) नवविवाहित जोडप्याला दाटीवाटीच्या घरात एकांत मिळत नाही, त्याच चित्रपटावरून बासू चॅटर्जी यांनी हिंदीत ‘पिया का घर’ (१९७२) केला. सई परांजपे यांच्या ‘कथा’ने (१९८३) मुंबईची चाळ हिंदी पडद्यावर आणली. मात्र या सर्व कृतींत माणसे घरात आहेत आणि घर अपुरे आहे. ‘बनवाबनवी’तील माणसे घराच्या बाहेर उभी आहेत. विनोदाची जागा खोलीतून उंबरठ्यावर सरकली आहे, आणि हा फरक मोठा आहे.

या उंबरठ्यामागे एक कायदा उभा होता, त्याची दखल चित्रपट घेत नाही. ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ने भाडी गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड केले. महायुद्धोत्तर महागाईत गरीब भाडेकरूला संरक्षण देण्याचा त्याचा हेतू स्तुत्य होता. तथापि दशके उलटली तरी भाडी तिथेच राहिली. जुन्या वाड्यांच्या मालकांना डागडुजीचा खर्चही परवडेनासा झाला. १९७३ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेचा ताबा असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्याचा परिणाम असा झाला की रिकामी खोली असलेला मालक ती देण्यासच घाबरू लागला. दिलीच तर अकरा महिन्यांच्या कराराने आणि माणूस पारखून देऊ लागला. पुण्यात तर १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे एका दिवसात नाहीशी केली होती. त्यानंतर उद्योगधंदे वाढले, महाविद्यालये वाढली, बाहेरगावचे तरुण येत राहिले. ज्यांच्याजवळ जुनी भाडेपावती होती ते सुरक्षित राहिले; जे नंतर आले त्यांच्या वाट्याला सरपोतदार आले.

या पार्श्वभूमीवर सुधीर जोशी यांनी साकारलेल्या सरपोतदारांकडे पाहिले, म्हणजे बालपणीचा खलनायक प्रौढपणी थोडा बदललेला दिसतो. त्यांचा चिक्कूपणा, त्यांची टेहळणी, घरात कोण आले-गेले याची नोंद ठेवण्याची सवय ही व्यक्तिगत विकृती म्हणून हास्यास्पद आहेच. परंतु पाहुणा म्हणून आलेला माणूस उद्या हक्क सांगेल ही त्यांची भीती त्या काळातील असंख्य मालकांची भीती होती. त्याचबरोबर हेही खरे की कायद्याच्या नावाने मालक जे भय बाळगत होता, त्याची किंमत कायद्याचे संरक्षण ज्याला मिळतच नव्हते असा नवागत मोजत होता. धनंजयला घराबाहेर काढण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. एका रात्रीचा गोंगाट पुरतो. हास्यपट सामाजिक विश्लेषण करण्यास बांधलेला नसतो. मात्र चांगला हास्यपट आपल्या काळाचा पुरावा नकळत सांभाळून ठेवतो, आणि या चित्रपटाने तो सांभाळला आहे.

वेषांतराकडे वळले असता साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत रंजक वाटावी अशी गोष्ट साडीत नसून व्याकरणात आहे. बंगाली भाषेत क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसार बदलत नाही. तृतीयपुरुषी सर्वनामही स्त्री-पुरुषांना एकच असते. त्यामुळे बंगालीत स्त्रीवेषातल्या पुरुषाला आवाज, चाल आणि मिशीची खुंटे एवढेच सांभाळावे लागते. कथा हिंदीत येताच परिस्थिती पालटते. तेथे ‘जाता हूँ’ आणि ‘जाती हूँ’, ‘गया’ आणि ‘गई’, ‘जाऊँगा’ आणि ‘जाऊँगी’ यांतील निवड प्रत्येक वाक्यागणिक करावी लागते. मराठीने या संकटात काही पळवाटा ठेवल्या आहेत. ‘मी जाईन’ हे वाक्य स्त्री आणि पुरुष सारख्याच निर्धास्तपणे उच्चारू शकतात. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यातील क्रियापद भाकरीचे लिंग सांगते, खाणाऱ्याचे सांगत नाही. परंतु ‘जातो’ आणि ‘जाते’, ‘आलो’ आणि ‘आले’ यांच्या फेऱ्यातून सुटका नाही. भविष्यकाळात मराठी सोंगाड्या सुरक्षित आहे. वर्तमानकाळात पावलोपावली धोका आहे. तेलुगूत प्रथम आणि द्वितीय पुरुषी क्रियापदे लिंगनिरपेक्ष आहेत; तेथे बोलणारा स्वतः फसत नाही, त्याच्याविषयी बोलणारा मित्र फसू शकतो.

मराठीत याहून अवघड परीक्षा संबोधनांची असते. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांची गफलत एका अक्षराची आहे, पण तिने सोंग कोसळते. कालपर्यंत एकमेकांना ‘अरे-तुरे’ करणाऱ्या मित्रांपैकी एकाला आज दुसऱ्याला ‘अहो’ म्हणावे लागते, त्याचे नाव घेणे टाळावे लागते. वसंत सबनीस यांनी ही भाषिक अडचण विनोदाचे केंद्र केली. चित्रपटातील सर्वांत लोकप्रिय झालेल्या हास्यक्षणांपैकी एक क्षण शुद्ध व्याकरणाचा आहे : धनंजय आपल्या ‘पत्नी’ची ओळख करून देताना ‘बायको’ या स्त्रीलिंगी नामामागे पुल्लिंगी सर्वनाम वापरतो आणि मित्राचे खरे रूप त्या एका शब्दातून डोकावते. हा विनोद बंगालीत त्याच रूपात संभवत नाही. मराठी समीक्षेत ‘रूपांतर’ हा शब्द परभाषेतील कृती आपल्या भाषेत आणण्याच्या प्रक्रियेला लावतात; रूप पालटणे हा त्याचा मूळ अर्थ. येथे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. कथेने रूप पालटले तेव्हा पात्रांच्या रूप पालटण्यालाही नवा धोका आणि नवा रंग मिळाला. उसने कथानक घेऊन केलेली कृती स्वतंत्र कधी ठरते, या प्रश्नाचे उत्तर अशा जागी शोधावे लागते.

सबनीस यांना हे साधले याचे कारण त्यांची घडण लोकनाट्यात झाली होती. ‘विच्छा माझी पुरी करा’चे ते लेखक, दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’मागेही (१९७१) त्यांचीच लेखणी होती. सोंग ही त्यांच्या दृष्टीने पाश्चात्त्य फार्समधून आयात केलेली वस्तू नव्हती. मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्ट करणाऱ्या नटांची परंपरा बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) काळी सौंदर्याच्या शिखराला पोहोचली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. म्हणजे भारतीय कथाचित्रपटाची पहिली नायिका ही साडी नेसलेला पुरुष होता. आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आंट’ (१८९२) या इंग्रजी प्रहसनाचे ‘मोरूची मावशी’ केले, आणि १९८० च्या दशकात विजय चव्हाण यांनी ती मावशी पुन्हा घरोघरी पोहोचवली.

परंतु बालगंधर्वांचा प्रेक्षक पुरुष विसरून स्त्री पाहत होता. ‘मोरूची मावशी’चा आणि ‘बनवाबनवी’चा प्रेक्षक स्त्रीच्या आड लपलेला पुरुष सतत पाहत राहतो आणि म्हणून हसतो. या दोन्ही रीती सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी एकाच चित्रपटात शेजारी-शेजारी उभ्या केल्या आहेत. सचिन यांची सुधा पहिल्या परंपरेकडे झुकते. ती नीटस आहे, लाजते, पटण्यासारखी आहे. बेर्डे यांची पार्वती दुसऱ्या परंपरेतली. पदर सांभाळताना तिच्यातला परशा क्षणोक्षणी बाहेर येतो. ‘टूरटूर’ (१९८३) या नाटकाने प्रकाशात आलेल्या बेर्डे यांच्या देहबोलीतील चपळ गोंधळ आणि अशोक सराफ यांची क्षणार्धात थाप रचून चेहरा निर्विकार ठेवण्याची हातोटी यांच्यामध्ये हा विनोद झुलतो. धनंजय हे अर्जुनाचेही एक नाव आहे. अज्ञातवासात बृहन्नडा झालेल्या त्या धनंजयाची आठवण एखाद्या वाचकाला व्हावी आणि येथे धनंजय स्वतः पुरुषवेषातच राहून इतरांना बृहन्नडा करतो हे पाहून त्याला हसू यावे, इतकी ही परंपरा खोल रुजलेली आहे.

प्रौढ प्रेक्षकाची अस्वस्थता येथून सुरू होते. पहिली अस्वस्थता स्त्रियांविषयीची आहे. चित्रपटात चार नायिका आहेत. त्या चौघींचे कथानकातील काम मुख्यतः प्रेमात पडणे आणि अखेरीस क्षमा करणे हे आहे. स्त्रीवेषामुळे पुरुषांना बायकांच्या विश्वासाच्या वर्तुळात प्रवेश मिळतो, आणि त्या विश्वासाचे काय झाले हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही. १९८२ साली ज्या ‘टूट्सी’चा नायक शेवटी आपण स्त्री होऊन काय शिकलो याचा हिशेब मांडतो, त्याच्या शेजारी हा चित्रपट ठेवला असता फरक स्पष्ट होतो. सुधा आणि पार्वती होऊन गेल्यावर सुधीर आणि परशुराम यांच्यात पडलेला फरक दाखवण्याची गरज येथे कोणाला वाटलेली नाही. साडी उतरते, आणि सारे पूर्ववत होते.

दुसरी अस्वस्थता अधिक खोल आहे. लीलाबाई एक अट उच्चारतात : भाडेकरू विवाहित हवेत. प्रत्यक्ष जीवनात घरमालकांच्या कित्येक अटी न उच्चारता घातल्या जात होत्या आणि आजही घातल्या जातात. आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो, धर्म न विचारताच ओळखला जातो. चित्रपटातील चौघांना यांपैकी कोणताही प्रश्न अडवत नाही. त्यांना लपवावी लागते ती केवळ आपली अविवाहित अवस्था, जी तात्पुरती आहे आणि लग्नाने सुटणारी आहे. म्हणूनच ही कथा विनोदी राहू शकते.

निवाऱ्यासाठी खोटे नाव घेण्याची दुसरी एक घटना या देशाच्या इतिहासात नोंदलेली आहे. परदेशातील उच्च शिक्षणानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ च्या सुमारास बडोदा संस्थानात नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना शहरात राहण्यास जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हिंदू वसतिगृहाचे दार आपल्याला उघडणार नाही हे त्यांना ठाऊक होते. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी सत्य उघड झाले; काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना जाब विचारला आणि जागा सोडण्यास भाग पाडले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला हा प्रसंग आणि लीलाबाईंच्या बंगल्यातील प्रसंग यांचा सांगाडा एकच आहे. अट, खोटी ओळख, भीतीचे दिवस, आणि उघडकीचा क्षण. एका ठिकाणी उघडकीनंतर क्षमा आणि लग्ने होतात; दुसऱ्या ठिकाणी माणूस सामान घेऊन सार्वजनिक बागेत जाऊन बसतो आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहतात.

हे साम्य दाखवण्याचा हेतू एका निर्मळ हास्यपटाला दोषी ठरवण्याचा नाही. चित्रपटाने न उचललेल्या विषयाबद्दल त्याला जाब विचारणे ही समीक्षेची वाईट सवय आहे. तथापि आपले हसू कशावर उभे आहे हे जाणून घेण्याचा अधिकार प्रौढ प्रेक्षकाला आहे. सोंग उघडे पडले तरी आपल्याला माफ केले जाईल, ही खात्री ज्यांना आहे त्यांच्याच सोंगाचे प्रहसन होते. ज्यांना ती नाही त्यांच्या सोंगाची आत्मकथा होते. ‘बनवाबनवी’च्या हास्यामागे ही न उच्चारलेली खात्री आहे. बालवयात ती दिसत नाही, कारण बालक स्वतः घरात असते. दार उघडण्याची विनवणी करण्याची पाळी त्याच्यावर आलेली नसते.

आणि तरीही हा चित्रपट पुन्हा पाहण्याने उणा होत नाही. त्याचे कारण नयनतारा यांनी उभ्या केलेल्या लीलाबाई काळभोर हे आहे. पार्वतीला दिवस गेले आहेत अशी थाप मारली जाते आणि तिचे डोहाळेजेवण होते. तो प्रसंग विनोदाचे शिखर म्हणून स्मरणात राहिला आहे : हिरवी साडी, फुलांचे अलंकार, बायकांचा मेळा आणि मध्ये बसलेला परशा. प्रौढ प्रेक्षकाची नजर मात्र परशावरून ढळून लीलाबाईंकडे जाते. त्यांचा आनंद खरा आहे. मालमत्तेवर डोळा ठेवून त्यांना छळणारा बळी एका बाजूला, आणि भाडे देऊन राहणारी ही परकी मुले दुसऱ्या बाजूला. या मुलांमुळे बंगल्यात माणसांचा आवाज आला आहे. सर्वांत मोठी फसवणूक आणि सर्वांत मोठे सुख एकाच प्रसंगात त्यांच्या पदरी पडते. मुले हसत असतात तेव्हा प्रौढाला या वृद्धेची दया येते, आणि त्याच क्षणी त्याला हेही उमगते की तिने घातलेल्या अटीमुळेच हे सारे घडले. तिला माणसे नको होती, जोडपी हवी होती. तिला खोटी जोडपी मिळाली, आणि माणसे मात्र खरी निघाली. संकटकाळी तिच्या बाजूने उभे राहतात ते हेच तोतये.

‘बनवणे’ या क्रियापदाचा हरवलेला अर्थ येथे सापडतो. आपला समाज निवारा व्यक्तीला देत नाही, कुटुंबाच्या आकृतीला देतो. चौघांनी ती आकृती साडी, कुंकू आणि थापा यांच्या साहाय्याने तयार केली. तयार करता करता तिच्यात रोजचे एकत्र जेवण, एकमेकांसाठी खोटे बोलणे, एकमेकांना सावरणे आणि एका वृद्धेची काळजी घेणे हे सारे आले. कुटुंब याहून निराळे कशाला म्हणतात, हे सांगणे कठीण आहे. फसवणूक गळून पडल्यावरही हे घडलेले शिल्लक राहते, म्हणून लीलाबाईंची क्षमा केवळ सोयीचा शेवट वाटत नाही. चित्रपट मात्र या सत्यापर्यंत येऊन लगेच माघारी वळतो. तो चार खरी लग्ने जुळवतो आणि जिने हा घोळ घातला त्या अटीलाच विजयी करतो. उंबरठा तसाच राहतो. चौघे तेवढे आत येतात.

त्या उंबरठ्याच्या इतिहासात पुढे काही बदल झाले. १९४७ च्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ने घेतली, परवान्याचे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, आणि सरपोतदारांची जागा अनेक ठिकाणी गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांनी घेतली. अविवाहितांना जागा नाही, ही पाटी मात्र गेली नाही. ज्यांनी हे हसू दिले त्यांपैकी बरेच जण आज हयात नाहीत. शंतनूची भूमिका करणारे सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली अकाली गेले. सुधीर जोशी २००५ मध्ये, नयनतारा २०१४ मध्ये आणि बळीची भूमिका करणारे विजू खोटे २०१९ मध्ये निवर्तले. वसंत सबनीस त्याआधीच, २००२ साली, गेले होते. पडद्यावर त्यांची धांदल पाहताना हसण्यात एक हळवेपणा मिसळतो. पण स्मरणरंजनाने येणारा हा हळवेपणा आणि पुनर्दर्शनाने येणारी समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला हळवेपणा चित्रपट होता तसाच जपू पाहतो. दुसरी समज त्याला आपल्याबरोबर मोठे होऊ देते.

चित्रपटाच्या आरंभी बाहेरगावाहून आलेला माणूस दारात उभा राहून एक नाव घेतो आणि ते येथे राहतात का, असे विचारतो. त्या प्रश्नावर तीन पिढ्या हसल्या. शहरात नव्याने आलेला प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या दारात हाच प्रश्न विचारत असतो, आणि दार उघडणारा आधी त्याचे आडनाव विचारतो, मग तो विवाहित आहे का ते विचारतो. जागा रिकामी आहे की नाही, हे तो सर्वांत शेवटी सांगतो.